गाठीला आधी नाव विचारा

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बीएपर्यंत, तेही मराठी वाङ्मय घेऊन. आजचा विषय मात्र प्रयोगशाळेचा आहे. स्तनाच्या कॅन्सरचं निदान करताना आणि तो कोणत्या जातीचा, किती जोराचा हे ठरवताना ज्या तपासण्या होतात, त्यांबद्दल बोलायचं आहे. ‘हा तुमचा प्रांत नाही’ असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण या तपासण्यांची भाषा मला घरातल्या एका माणसासाठी शिकावी लागली, आणि ती उशिरा शिकलो याची रुखरुख मनात आहे. डॉक्टरांचं ज्ञान डॉक्टरांपाशी. रुग्णाच्या शेजारी फाईल घेऊन बसणाऱ्या नातेवाइकाला काय ठाऊक असावं, तेवढंच मी सांगणार आहे.

मी अमरावतीला राहतो, माझी मोठी बहीण अकोल्याला. आम्ही तिला आपा म्हणतो. २०१७ च्या पावसाळ्यात अंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. बोराएवढी. तेव्हा तिचं वय ५६. तिने कोणाला सांगितलं नाही. मेव्हण्यांना नाही, मुलाला तर नाहीच. बकरी ईदला आम्ही गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात माझ्या पत्नीपाशी ती बोलली. “दुखत तं नाई, मंग कायले दाखवायचं?” असं तिचं म्हणणं. आमच्या घरी उर्दू आणि वऱ्हाडी दोन्ही बोलल्या जातात. मनातलं बोलायचं असलं की आपा वऱ्हाडीवर येते.

ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात लावून पाहिलं. “चरबीची गाठ दिसते, काढून टाकू,” म्हणाले. जागा बधिर करून अर्ध्या तासात गाठ काढली, टाके घातले, संध्याकाळी आपा घरी. आम्ही सगळे खूश. काढलेली गाठ कुठं गेली, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. ती तपासायला पाठवलीच नव्हती.

सात महिन्यांनी, २०१८ च्या उन्हाळ्यात, त्याच व्रणाजवळ पुन्हा कडक लागायला लागलं आणि काखेत एक गाठ आली. या वेळी मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठं आहे?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. जिच्यात सगळी माहिती होती, ती गाठ सात महिन्यांपूर्वीच कचऱ्यात गेली होती.

त्या दिवशी सर्जनबाई जे बोलल्या, तेच आज मला सांगायचं आहे. त्या म्हणाल्या, “दादा, गाठ काढायची घाई करायची नसते. आधी तिला नाव विचारायचं असतं.”

सुरुवातीलाच एक दिलासा देतो. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते. पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. अंगावर पाजणाऱ्या आईला गळू होतं. आपल्या देशात तर स्तनाचा टीबीही होतो, आणि तो कधी कधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. उलट कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. म्हणजे ‘दुखत नाही, मग काही नसेल’ हा आपाचा हिशेब उलटा होता. पण त्याच वेळी हेही खरं, की आज भारतातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार बायका गेल्या. त्यामुळे गाठ लागली की घाबरून जाऊ नये, आणि तपासल्याशिवाय सोडूही नये.

गाठीचं नाव कसं विचारायचं? डॉक्टर तीन साक्षीदार बोलावतात. पहिला साक्षीदार हात. जाणत्या हाताला गाठ कशी लागते, हलते की चिकटलेली आहे, कातडी ओढली गेली आहे का, काखेत काही आहे का, हे कळतं. या साध्या हाताला कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून अधिक बायकांचा एक मोठा अभ्यास केला. वस्त्यावस्त्यांतून प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करायच्या. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या वयात मृत्यूंच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

दुसरा साक्षीदार चित्र. म्हणजे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी. चाळिशीच्या आत स्तन घट्ट असतात, तिथं सोनोग्राफी जास्त उपयोगी पडते.

तिसरा साक्षीदार सुई, आणि इथून प्रयोगशाळेचं राज्य सुरू होतं. तिन्ही साक्षी जुळल्या तरच निकाल पक्का. हात म्हणतो संशय आहे, चित्र म्हणतं संशय आहे आणि सुईचा रिपोर्ट म्हणतो ‘काही नाही’, तर डॉक्टर त्या ‘काही नाही’वर थांबत नाहीत. सुई कदाचित गाठीच्या बाजूला लागली असेल. तपासणी पुन्हा करतात. नातेवाइकांनी अशा वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून पेढे वाटू नयेत.

सुई दोन प्रकारची. एक बारीक, इंजेक्शनच्या सुईसारखी. तिनं गाठीतल्या काही सुट्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. हिला एफएनएसी म्हणतात. स्वस्त आणि झटपट. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळतो. पण तिच्यात फक्त सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी दिसत नाही. भिंतीतून निखळलेल्या विटा पाहून घर कसं होतं ते सांगता येत नाही, तसं आहे हे. कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे की नळीची भिंत फोडून बाहेर पडला आहे, हे एफएनएसी सांगू शकत नाही. त्यासाठी दुसरी, जाड सुई लागते. जागा बधिर करून तिनं शेवयांसारखे बारीक लांबट तुकडे काढतात. ही कोअर बायोप्सी. टाके नाहीत, भरती व्हायचं नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या या तुकड्यांवर होतात. म्हणून आज कॅन्सरचा संशय असला तर कोअर बायोप्सीलाच पसंती दिली जाते.

‘सुई लावली की कॅन्सर भडकतो, पसरतो’ हे मी अकोल्याच्या वॉर्डात किमान पाच जणांकडून ऐकलं. याला आधार नाही. सुईनं तपासणी केलेल्या बायका त्यामुळे कमी जगतात असं कुठं दिसून आलेलं नाही. सुई न लावता अंदाजानं गाठ कापली, तर मात्र नुकसान ठरलेलं. आपाचंच उदाहरण घ्या. पहिल्या वेळी गाठ किती मोठी होती, तिच्या कडा पूर्ण निघाल्या होत्या का, काहीच कळायला मार्ग नव्हता. सुरुवातीलाच नीट निदान झालं असतं तर कदाचित स्तन वाचवून ऑपरेशन झालं असतं. तिचा पूर्ण स्तन काढावा लागला.

आता त्या तुकड्याचा प्रवास सांगतो, कारण आपल्या भागात खरी गडबड इथंच होते. शरीरातून निघालेला तुकडा लगेच नासायला लागतो. त्याला थांबवतं फॉर्मॅलिन. बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, अशा दहा टक्के द्रावणात, तेही आम्लता सांभाळलेल्या, तुकडा ठेवायचा असतो. तुकडा निघाल्यापासून तासाभराच्या आत तो त्यात पडायला हवा. द्रावण तुकड्याच्या दहापट असावं, बाटली रुंद तोंडाची असावी आणि तुकडा त्यात किमान सहा तास नि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा, असा दंडक आहे. सलाईनमध्ये, साध्या पाण्यात किंवा कोरड्या गॉजमध्ये गुंडाळून पाठवलेला तुकडा बिघडतो. आपल्याकडे असं बघायला मिळतं, की तालुक्याच्या गावी ऑपरेशन होतं, तुकडा नातेवाइकाच्या हातात देतात, आणि तो एसटीत बसून जिल्ह्याच्या लॅबकडे निघतो. शनिवारी निघाला तर लॅब सोमवारी उघडते. त्या नातेवाइकाला कोणी सांगत नाही, की पिशवीतली बाटली ही नुसती बाटली नाही, पुढच्या पाच वर्षांचा औषधोपचार तिच्यातून ठरणार आहे.

लॅबमध्ये तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात. मेणाची एक चौकोनी वडी तयार होते. तिला ब्लॉक म्हणतात. त्या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचपट्टीवर घेऊन दोन रंग देतात. एक हिमॅटॉक्सिलिन, ते मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतं आणि पेशींची केंद्रकं निळी-जांभळी करतं. दुसरा इओसिन. या नावाचं पहाट या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी नातं आहे. तो बाकीचा भाग गुलाबी करतो. लॅबमधल्या डॉक्टरांनी मला एकदा दुर्बिणीतून दाखवलं. इतकं सुंदर काही तरी इतकं वाईट असू शकतं, याचं मला नवल वाटलं.

रिपोर्टमध्ये पहिल्यांदा येतो रोगाचा प्रकार. बहुतेकदा ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’ असं लिहिलेलं असतं. आजकाल त्याच अर्थानं ‘एनएसटी’ ही अक्षरंही असतात. इन्व्हेजिव्ह म्हणजे भिंत ओलांडून बाहेर पडलेला. ‘इन सिटू’ म्हटलं असेल तर अजून नळीच्या आतच.

त्यानंतर ग्रेड. इथं आमच्या घरात रडारड झाली. आपाच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ होतं. भाच्यानं ते वाचलं आणि ‘तिसरी स्टेज आहे’ असं सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. ग्रेड आणि स्टेज या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कपाशीवाले लोक, कपाशीवरच सांगतो. शेतात कीड पडली. ती कीड कोणती, किती खादाड, किती झपाट्यानं वाढणारी, हा झाला ग्रेड. आणि ती एका तासात आहे, शेजारच्या धुऱ्यापर्यंत गेली की साऱ्या शिवारात पसरली, ही झाली स्टेज. खादाड कीडही पहिल्याच ओळीत सापडू शकते. ग्रेड दुर्बिणीखाली ठरतो. पेशींनी नळ्यांचा आकार कितपत राखला आहे, केंद्रकं किती बेढब झाली आहेत आणि विभाजन किती वेगानं चाललं आहे, या तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण देतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ आली तर ग्रेड २, ८-९ आली तर ग्रेड ३. ही पद्धत ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये मांडली, आणि १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन व एलिस यांनी सुधारली. स्टेज मात्र गाठीचा आकार, काखेतल्या ग्रंथी आणि रोग दूर कुठं गेला आहे का, यावरून ठरते. आपाचा ग्रेड तिसरा होता, पण स्टेज दुसरी निघाली.

मग येतात ती अक्षरं, जी पाहून माणूस गोंधळतो. ईआर, पीआर, हर-टू. कॅन्सरचं नाव कळलं, पण तो कशावर जगतो, हे या तपासण्या सांगतात. त्यांना इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. दवाखान्यात सगळे ‘आयएचसी’ म्हणतात. त्याच मेणाच्या वडीचा नवा काप घेऊन त्यावर विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारं द्रव्य सोडतात. ते प्रथिन असेल तर तिथं तपकिरी रंग उमटतो.

काही कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकावर पोसल्या जातात. याची पहिली चाहूल १८९६ मध्ये लागली. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी वाढलेल्या रोगात अंडाशय काढून पाहिले आणि स्तनातला रोग ओसरला. तो का ओसरला, हे तेव्हा कोणाला सांगता येत नव्हतं. पुढं शिकागोच्या एल्वुड जेन्सन यांनी पेशीत इस्ट्रोजेन धरून ठेवणारं प्रथिन असतं हे दाखवून दिलं. तेच ईआर. शंभरातल्या एका जरी पेशीच्या केंद्रकात तपकिरी रंग दिसला तरी ईआर पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ अशी वेगळी नोंद करतात. पॉझिटिव्ह म्हणजे इथं वाईट नव्हे, बरं का! पॉझिटिव्ह म्हणजे या कॅन्सरचं खतपाणी तोडता येतं. पाळी सुरू असलेल्या बाईला टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेलीला लेट्रोझोलसारखी गोळी, रोज एक, पाच वर्षं किंवा जास्त. कॅन्सरच्या औषधांत इतकी स्वस्त आणि इतकी कामाची औषधं थोडीच असतील.

आणि म्हणूनच त्या बाटलीचं महत्त्व. तुकडा वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये पडला नाही, तर ईआर असूनही रंग उमटत नाही. ‘हो’चं ‘नाही’ होतं. एखादी बाई पाच वर्षं ज्या गोळीनं वाचली असती, ती गोळी तिला कोणी देतच नाही, आणि चूक कुठं झाली हे कधी कळतही नाही. म्हणून रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला आणि डॉक्टरांना शंका असली, तर ते पुन्हा तपासायला सांगतात. त्यांना ‘पैसे काढायचे आहेत’ असं लगेच म्हणू नये.

हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. काही कॅन्सरमध्ये ते अति होतं आणि पेशी उधळल्यासारख्या वाढतात. रिपोर्टमध्ये शून्य, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असं लिहितात. तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. त्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, आणि २०१४ पासून भारतीय बनावटीचं औषधही मिळू लागलं. दोन प्लस म्हणजे मात्र ‘सांगता येत नाही’. मग ‘फिश’ नावाची दुसरी तपासणी करतात. तिच्यात चमकणारे ठिपके वापरून जनुकाच्या प्रती मोजतात. आपाचं दोन प्लस आलं होतं. भाचा तिची मेणाची वडी घेऊन रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला. दहा दिवसांनी फिश निगेटिव्ह आलं. ते दहा दिवस ‘मुंबईहून काय आलं?’ याखेरीज घरात दुसरं बोलणं नव्हतं. ईआर मात्र चांगलं पॉझिटिव्ह निघालं.

हे शास्त्र एका जागी थांबत नाही, याचाही अनुभव आला. तेव्हा फिश निगेटिव्ह म्हणजे हर-टूचा विषय संपला असं होतं. २०२२ मध्ये असं दिसून आलं, की एक प्लस किंवा दोन प्लस-फिश निगेटिव्ह अशा ‘हर-टू लो’ रुग्णांनाही, रोग दूर पसरला असल्यास, एका नव्या औषधाचा उपयोग होतो. म्हणजे जुना रिपोर्ट आणि जुनी वडी पुढं कधीही कामी येऊ शकते. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसतील तर त्याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. तो जास्त जोराचा असतो आणि आपल्या देशात पाश्चात्त्यांपेक्षा त्याचं प्रमाण अधिक आढळतं. पण त्यावर किमोथेरपीचा मारा चांगला लागू पडतो. ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘उपाय नाही’ असं नव्हे.

‘की-६७’ हा आकडाही असतो. शंभरातल्या किती पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत, ते तो सांगतो. हे नाव जर्मनीतल्या कील शहरावरून पडलं. तिथल्या प्रयोगशाळेत प्रयोगाच्या थाळीवरच्या ६७ क्रमांकाच्या खळग्यात ते द्रव्य सापडलं होतं. या आकड्याची मोजणी लॅबनुसार थोडी बदलते, म्हणून एकट्या त्याच्यावरून कोणी निर्णय घेत नाही.

हे सगळं वाचताना मला वाटायचं, ही सारी परदेशी विद्या. पण या कामात आपली माणसंही पहिल्यापासून आहेत. मुंबईत परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनक मानले जातात. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांनी काम केलं. १९१७ चा जन्म. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिकतेशी आणि संप्रेरकांशी असलेला संबंध अभ्यासला, आणि देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आनुवंशिकतेचा विषय निघालाच आहे तर बीआरसीए तपासणीबद्दल. बीआरसीए-१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी सापडलं. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहा टक्केच घराण्यातून आलेले असतात. म्हणून ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. कमी वयात रोग झाला, घरात अनेकींना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला, किंवा घरातल्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला, तर डॉक्टर ती सुचवतात. होय, पुरुषांनाही होतो; शंभरात साधारण एक. आणि हा वारसा बापाकडूनही लेकीला येतो. ही तपासणी रक्तावर होते, पण आधी समुपदेशकाशी बोलल्याशिवाय करू नये. निकाल एकटीचा नसतो, बहिणी-भाच्यांचाही असतो.

रक्तावरून आठवलं. ‘आम्ही रक्त तपासलं, कॅन्सर नाही आला,’ असं सांगणारे भेटतात. आरोग्य तपासणीच्या पॅकेजांत ‘सीए १५-३’ नावाची चाचणी घातलेली असते. सुरुवातीच्या रोगात ती बहुधा नॉर्मल असते आणि यकृताच्या दुखण्यातही वाढू शकते. पसरलेल्या रोगावर औषध लागू पडतं का, हे पाहायला डॉक्टर तिचा उपयोग करतात. गाठ आहे आणि रक्त नॉर्मल आहे, तर विश्वास गाठीवर ठेवा.

ऑपरेशननंतर आणखी एक रिपोर्ट येतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. त्यात गाठीचं खरं माप असतं, कडा मोकळ्या आहेत का ते असतं, आणि काखेतल्या ग्रंथींचा हिशेब असतो. आपाच्या रिपोर्टवर ‘२/१६’ होतं, म्हणजे सोळा ग्रंथी तपासल्या, त्यांतल्या दोनमध्ये रोग होता. भाच्याला आम्ही या वेळी फोन करू दिला नाही. आधी डॉक्टरांकडून समजून घेतलं.

खर्चाचं विचाराल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. मान्यताप्राप्त रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. कोणती तपासणी योजनेत येते आणि कोणती नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी विचारावं. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे सेवाग्राम आणि नागपूर आहे. जाड सुईची तपासणी करायला मुंबई गाठायची गरज नाही.

शेवटी, मी स्वतः एका कागदावर लिहून ठेवलेले प्रश्न सांगतो. गाठ काढण्याआधी सुईची तपासणी झाली का? तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला का, आणि किती वाजता, ते बाटलीवर लिहिलं का? रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-टू आहे का? दोन प्लस असेल तर फिश केलं का? मेणाची वडी कोणत्या लॅबमध्ये आहे आणि ती किती वर्षं जपतात? आणि शेवटचा: शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटो, तपासायला गेली का? हे प्रश्न विचारल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरांना उलट बरं वाटतं.

आपा आज बरी आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते. तिची सगळी कागदपत्रं एका खादीच्या पिशवीत असतात आणि ती पिशवी ती कोणाच्या हातात देत नाही. ज्या बाईनं दोन महिने गाठ घरच्यांपासून लपवली, ती आता मोहल्ल्यातल्या बायकांना सोबत घेऊन दवाखान्यात जाते. मागच्या महिन्यात मी अकोल्याला गेलो होतो. शेजारच्या वहिनी सांगत होत्या, की त्यांच्या सुनेची पाठीवरची गाठ काल काढली, साधीच होती म्हणे. आपा भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “बाई, गाठ काढली ते ठीक. बाटलीत टाकून लॅबले पाठवली का, ते विचारलं का?”